नव्वद सीसीचा चढ

बहिणीचं पत्र आलं तेव्हा मी एका गिअरबॉक्समध्ये कोपरापर्यंत हात घालून बसलो होतो. हात धुऊन पाकीट फोडलं. तीन पानं सगळी 'स्वेटर आण, इथे जुलैत थंडी असते' आणि 'आईला मेतकूट करायला सांग' असली, आणि शेवटी कागदाच्या कडेला आडवी एक ओळ: 'ह्यांनी मोठी मोटारसायकल घ्यायचं काढलंय. दादा येईल, तो सांगेल तसं करू, असं म्हणतात. तू नको म्हण.'

कारण काही नाही. आमच्या सुमनची ही लहानपणापासूनची रीत. काय करायचं ते ती सांगणार, का ते आपण विचारायचं नाही.

माझं कराडला गॅरेज आहे. एकवीस वर्षं दुसऱ्यांच्या गाड्या दुरुस्त करतोय आणि स्वतः साडेतीनशे सीसी चालवतो. चांगल्या गाडीला मी आजवर वाईट म्हटलेलं नाही, गिऱ्हाइकानं भाव पाडण्यासाठी कितीही डोळे मिचकावले तरी. आणि इथं सख्खी बहीण लिहीत होती की न बघताच नको म्हण. विमानात बसेपर्यंत मी मनात तिच्याशी भांडत होतो.

सुमनचे यजमान, आमचे दाजी, मॉरिशसचे. त्यांचे पणजोबा कोकणातून बोटीनं ऊस तोडायला गेले आणि तिकडचेच झाले. गावाचं नाव पुढच्या पिढ्या विसरल्या, कुलदैवत मात्र विसरल्या नाहीत. दाजी शिक्षकीचं शिकायला पुण्याला आले होते. एका सुट्टीत मित्राबरोबर कराडला आले, आमच्या शेजारी उतरले, आणि जाताना माझी बहीण घेऊन गेले. त्याला नऊ वर्षं झाली. मोठ्या गाडीचं वेड त्यांना कुणी लावलं म्हणाल, तर मीच. लग्नाआधी मी त्यांना मागं बसवून पसरणीच्या घाटातून महाबळेश्वरला नेलं होतं. तेव्हा उतरल्यावर ते गाडीच्या टाकीवर हात ठेवून बराच वेळ उभे होते. मला वाटलं थंडी वाजतेय.

कांप दे मास्क

विमानतळावर दाजी, सुमन आणि दाजींचे थोरले भाऊ आप्पा, असे तिघं आप्पांच्या भाजीच्या टेम्पोतून आले होते. सुमन रडली, मी रडलो, आणि आम्हाला बघून आप्पाही रडले. आप्पा मला पहिल्यांदाच भेटत होते, पण माणूस मोकळा आहे. वजन शंभर किलोच्या आतबाहेर.

रस्त्याच्या दोन्ही बाजूंना ऊस. कराडच्या माणसाला उसाचं काय कौतुक, पण इथं शेतात जागोजाग काळ्या दगडांचे ढीग रचलेले दिसतात. हे दगड आमच्या पणजोबांनी उचलले, असं आप्पा प्रत्येक ढिगापाशी सांगत होते. तेरावा ढीग आला तेव्हा मी म्हटलं, पणजोबा भलतेच दणकट होते बुवा. सुमन हसता हसता माझ्या खांद्यावर डोकं टेकून बसली.

कांप दे मास्क गावातलं दाजींचं घर सिमेंटचं, गच्चीवर सळया उघड्या ठेवलेल्या. वरचा मजला पुढच्या पिढीनं बांधायचा म्हणून. खालच्या मजल्यावर सुमनच्या दोन पोरी धरून अकरा माणसं आणि मधल्या भिंती फळ्यांच्या. एका खोलीत कुणी शिंकलं तर तिसऱ्या खोलीतून दाजींची आई 'जीव रे' म्हणते. तिला सगळे आय म्हणतात. आय मराठीत सुरू करते आणि वाक्याच्या मध्येच क्रिओलवर उडी मारते. 'दादा, आधी मांजे करा, मग बोला,' म्हणजे आधी जेवा. पहिल्या सकाळी तिनं दालपुरी वाढली. आपल्याकडे हरभऱ्याची डाळ पोळीत शिरली की गूळ आलाच. इथं डाळीला नुसतं मीठ, वरून शेंगदाण्यांची नव्हे तर पांढऱ्या वालांसारख्या दाण्यांची उसळ, आणि मिरचीची चटणी. पहिल्या घासाला जीभ आपली गोडाची वाट बघत बसली. तिसऱ्या पुरीनंतर तिनं नाद सोडला. चहात व्हॅनिला घालतात, त्याची सवय मात्र मला शेवटपर्यंत झाली नाही.

गाडीचा विषय आप्पांनीच काढला. दाजींकडे नव्वद सीसीची एक जपानी गाडी आहे, लग्नाच्याही आधीची. सुमन दर रविवारी सकाळी आणि बुधवारी दुपारी वरच्या गावात, क्वार्तिए मिलितेरला, देवळात मुलांना मराठी शिकवते. दाजी तिला पोचवतात. वाटेत मैलभराचा चढ लागतो. गाडी तिथं दोघांना घेऊन चढत नाही. मग सुमन पायथ्याशी उतरते आणि चालते, आणि दाजी पहिल्या गिअरमध्ये, तिच्या बाजूनं, पाय टेकत टेकत वर जातात. हे नऊ वर्षं चाललंय.

"दादा, तुमीच सांगा," आप्पा म्हणाले. "मास्तर गाडीवर आन मास्तरीण पायानं. सगळी दिमून हसतात."

दिमून म्हणजे माणसं. दाजींचे कान लाल झाले. आय म्हणाली, सुनेचे गुडघे म्हातारपणी बोलतील. बाकी सगळ्या घराचं एकमत होतं, की जुनी देऊन मोठी घ्यायची. सुमननं माझ्या ताटात न विचारता आणखी भात वाढला.

क्वात्र बॉर्न

सोमवारी दाजी आणि मी गाडी बघायला बसनं क्वात्र बॉर्नला गेलो. कारकून-मास्तरांचं, टापटिपीचं गाव. बाजारात कपड्यांचे ढीग आणि ढिगांवर बायका, अगदी आपल्याकडच्या आठवडी बाजारासारख्या, फक्त घासाघीस फ्रेंचच्या नात्यातल्या भाषेत. मोटारसायकलींच्या दुकानदारानं पडदा ओढावा तसं गाडीवरचं कापड ओढलं.

खरं सांगतो, मी सुमनचं पत्र विसरलो. चारशे सीसी, दोन सिलेंडर, लांब पल्ल्याची गाडी. पुढं वारा अडवायला काच, मागं दोन्ही बाजूंना सामानाच्या पेट्या, आणि मागच्याला टेकायला पाठ. बटण दाबलं की इंजिन सुरू. किक नाहीच. मी गुडघ्यावर बसून खालून तेल गळतंय का बघितलं, चेन हलवून बघितली, सायलेन्सरच्या तोंडाशी हात धरला. कुठं बोट ठेवायला जागा नाही. आधीच्या मालकानं ती चालवली कमी आणि पुसलीच जास्त असावी. दाजी टाकीवर हात ठेवून उभे होते, आणि तेव्हा मला महाबळेश्वरचं ते उभं राहणं आठवलं.

दुकानदार भला माणूस होता. शनिवारपर्यंत घेऊन जा म्हणाला, बेट फिरा, शनिवारी जुनी घेऊन या नाहीतर ही परत आणा. आठ महिने दाजी त्याच्याकडे येऊन नुसते बघून जात होते, असंही त्यानं सांगितलं. मला आश्चर्य वाटलं. हवी आहे, परवडते, घरच्यांचा आग्रह आहे, मग आठ महिने माणूस थांबतो कशाला?

किनाऱ्यानं

दाजींच्या शाळेला हिवाळ्याची सुट्टी होती. मंगळवारी सकाळी आम्ही दोघं निघालो. बेट केवढं, तर इथल्या लोकांना लांबचा प्रवास म्हटलं की चाळीस मैल. लांब पल्ल्याची गाडी घेऊन आम्ही असे निघालो होतो, की चौथ्या गिअरमध्ये रंगात यावं तोवर समोर समुद्र. मग वळायचं. पण काय गाडी हो! माहेबुर्गपर्यंत रस्ता डाव्या हाताला समुद्र घेऊन जातो, उजवीकडे उसाला तुरे आलेले, आणि गाडी पोटातल्या पोटात गुणगुणत चाललेली. दाजी चालवत होते. मधूनमधून मागं मान वळवून ते मला काहीतरी दाखवत, सांगत. वाऱ्यात मला एक अक्षर ऐकू येत नव्हतं. मी 'हो, हो' म्हणून मान हलवायचो. नंतर कळलं की सुयाकच्या अलीकडे ते मला लघवीला थांबायचं का असं विचारत होते. तीनदा हो म्हणूनही गाडी का थांबली नाही, ते मला अजून कळलेलं नाही.

सुयाकला कड्यावर उभं राहिलो. बाकीच्या बेटाला खडकांचं कुंपण आहे म्हणून लाटा लांबच फुटतात. इथं कुंपण नाही, समुद्र सरळ येऊन धडकतो. आम्ही बघत होतो आणि मागं धप्प आवाज झाला. मऊ मातीत स्टँड रुतून गाडी आडवी. दोघांनी जोर लावला. दाजी शिक्षक, मी गॅरेजवाला, आणि गाडी जागची हलेना. शेवटी चार कोळी जाळी टाकून आले आणि 'दूसमां, दूसमां' म्हणजे हळू, हळू, असं म्हणत त्यांनी ती उभी केली. एक पेटी जराशी खरचटली. दाजींनी तिथं थुंकी लावून रुमालानं किती वेळ पुसलं! लहान पोराचा गुडघा फुटल्यावर बाप पुसतो तसं. तेव्हाच मी ठरवलं, सुमन काही म्हणो, ही गाडी ह्या माणसाला मिळालीच पाहिजे.

चामारेलचा घाट ती तिसऱ्या गिअरमध्ये चढली. आठशे फूट वर आल्यावर दाजींनी गाडी थांबवली, खालच्या समुद्राकडे बघितलं आणि म्हणाले, की असलं चढणं आयुष्यात केलं नाही. म्हणाले आनंदानं, पण मग बोलेनातच. मला वाटलं दमले.

उत्तरेला प्लेन दे पपायला त्यांची आत्या असते, तिच्याकडे मुक्काम केला. आत्या ऐंशीच्या पुढची. तिची मराठी ऐकून माझी पणजी आठवली. आपल्याकडे मेलेले शब्द तिच्या तोंडात धडधाकट फिरत होते. अंगणात एवढं धूड उभं, पण तिनं त्याच्याकडे बघितलंही नाही. सुमनला का नाही आणली, एवढं एकच तिनं जेवण होईपर्यंत चारदा विचारलं. माझ्या बहिणीचं एवढ्या लांब कुणी नाव काढतंय, ह्यानं मला भरून आलं. मी तिच्या पाया पडलो आणि तिनं माझ्या हातात उकडलेल्या शेंगांची पुडी ठेवली.

बुधवारी दुपारच्या वर्गासाठी परत यायचं होतं. आलो. घरचे सगळे अंगणात जमले, की आज सुमन मोठ्या गाडीवरून चढ चढणार. दाजी गाडीकडे गेले, आणि म्हणाले पेट्रोल कमी आहे, जुनीच नेतो. मी पेट्रोल बघितलं होतं. टाकी अर्ध्याहून जास्त भरलेली होती.

चढ

गुरुवारी दाजी आप्पांबरोबर फ्लाकच्या बाजारात गेले. मी जुनी गाडी उघडली. शनिवारी ती जाणार, तर जाताना धडधाकट जावी, आणि नाहीच गेली तर निदान चढ तरी चढावी, असा माझा दुहेरी विचार. प्लग काढला, कार्बुरेटर साफ करायला घेतला. करायला काही नव्हतंच. प्लग कोरडा, तांबूस, जसा असावा तसा. किकला पायाखाली कॉम्प्रेशन असं, की नवीन गाडीनं लाजावं. क्लच प्लेट बदलून फार दिवस झाले नव्हते. मागची दातेरी चकती नेहमीपेक्षा मोठी बसवलेली. गाडी मुद्दाम चढासाठी जो करून घेतो, तो हेच करून घेतो.

माझं डोकं फिरलं. सुमनचं वजन मला माहीत नाही आणि विचारायची छाती नाही. अंदाजानं आप्पांच्या बटाट्यांचं एक साठ किलोचं पोतं मागं बांधलं आणि क्वार्तिएच्या रस्त्याला लागलो. चढ आला. पहिला गिअर टाकला. मग दुसरा. गाडी अशी चढली जशी घरी जेवायला चाललीय. वर पोचलो आणि मला दोरी नीट बांधता येत नाही हे सिद्ध झालं. पोतं सुटलं, बटाटे उताराला लागले. वळणावर भाजलेल्या शेंगा विकणारी एक बाई बसते, तिनं पदरात धरून निम्मे वाचवले. ती भोजपुरी आणि मी मराठी, पण बटाटे उचलताना भाषा लागत नाही. तिनं गाडी ओळखली. हा मास्तरचा मोतो, म्हणाली. तो आणि मादाम इथं बसून शेंगा खातात, बोलतात, हसतात. हातांनी तिनं दोन तोंडं करून दाखवली, चुरूचुरू बोलणारी. मग तिनं सूर्याकडे बोट करून तो तेवढ्यात किती सरकतो ते दाखवलं. मैलभराच्या चढाला तासभर.

मी परत आलो, बटाटे जागेवर ठेवले आणि हात धुतले. रागावलो होतो. माझ्या बहिणीला हा माणूस नऊ वर्षं मैलमैल चालवतो, आणि गाडी चढते!

शुक्रवारी मी दाजींना त्याच चढाच्या पायथ्याशी नेलं. जुन्या गाडीवरून, ते पुढं, मी मागं. सवयीनं त्यांनी गाडी थांबवली. मी उतरलो नाही.

"चालवा," मी म्हटलं.

"चढत नाय ती, दादा."

"बटाटे घेऊन चढली."

 त्यांनी इंजिन बंद केलं आणि आम्ही कडेच्या दगडावर बसलो. त्यांनी सांगितलं ते असं. सुमन आली तेव्हा तिला इथली भाषा येत नव्हती. घरात एवढी माणसं, भिंती फळ्यांच्या, नवी नवरी आणि नवरा बोलणार कुठं? ती रडत नसे, नुसती गप्प असे. पहिल्या महिन्यात एकदा खरंच प्लग बिघडला, गाडी ह्या चढाला बंद पडली, आणि ती उतरून चालायला लागली. वर पोचेपर्यंत ती बोलली. आईबद्दल, कराडबद्दल, माझ्याबद्दल, आयच्या स्वयंपाकातल्या मिठाबद्दल. मधेच हसली. मॉरिशसला आल्यापासून पहिल्यांदा.

"दुसऱ्या दिवशी मी प्लग बदलला," दाजी म्हणाले. "पण तिला सांगितलं नाय."

माझा राग कुठं गेला ते मला कळलंच नाही. शेजारी बसलेल्या ह्या चाळिशीला टेकलेल्या मास्तराला उराशी धरावंसं वाटलं, पण आम्ही कराडचे लोक असलं काही करत नाही. मी चेनला किती ढील आहे ते बघितलं.

गाडी मात्र त्यांना हवी होती. ते लपवण्यात अर्थ नव्हता. आठ महिने त्यांनी तिला स्वप्नात चालवली होती. मी म्हटलं, घ्या की, आणि मोठीही चढत नाही म्हणून सांगा. ते पहिल्यांदा हसले. "चारशे सीसीचं कोण खरं मानील, दादा?" मग हसू ओसरलं आणि म्हणाले, तुम्ही सांगाल तसं. घरात सगळे विचारतील, तुम्ही सांगा. म्हणजे हे ओझं त्यांनी माझ्यासाठी का ठेवलं होतं, ते मला तेव्हा कळलं.

शनिवारी सकाळी अंगणात अकरा माणसांसमोर मी उभा राहिलो. आप्पांनी माझ्यासाठी खुर्ची मांडली होती. मी म्हटलं, गाडीचा क्रँक वाजतोय, वर्षभरात इंजिन बसेल, सुटे भाग कुठून आणणार? एकवीस वर्षांत पहिल्यांदा मी चांगल्या इंजिनाला वाईट म्हटलं, आणि दाजी सोडले तर ते ऐकणाऱ्यांत एकालाही इंजिनातलं कळत नव्हतं, म्हणून जास्तच लाज वाटली. आप्पा हळहळले. आय म्हणाली, सुनेच्या नशिबात गुडघेच आहेत. दाजी स्वतः ती परत द्यायला गेले आणि बसनं आले. आल्यावर त्यांनी जुनी गाडी धुतली. मी बघत होतो. हात नेहमीसारखे चालत होते, पण एरवी काम करताना वाजवतात ती शिट्टी वाजवत नव्हते. दुपारभर वाजवली नाही.

निघताना

शेवटच्या सकाळी सुमन माझी बॅग भरत होती. घरातले बाकीचे टेम्पो झाडण्यात गुंतलेले. मला राहवेना. दाजींचं गुपित सांगायचं नव्हतं, पण माझी बहीण नऊ वर्षं फसते आहे हेही पोटात ठेवून विमानात बसवेना. म्हणून मी आडून म्हटलं, की त्या जुन्या गाडीत अजून बरीच ताकद आहे, मी तपासली.

"माहीत आहे," ती म्हणाली. तिनं मान वर केली नाही. दुसऱ्या वर्षी एका रविवारी ती देवळाच्या ओट्यावर मुलांना बाराखडी शिकवत बसली होती. बघते तर खालून दाजी येतायत, मागं पिठाची दोन पोती बांधलेली. गाडी सरळ वर आली. ते तिला न बघता मागच्या दारानं पीठ ठेवून गेले. ती दिवसभर चिडून होती. घरात सगळ्यांना ऐकू जातं, म्हणून पुढच्या वेळी चढावरच भांडायचं असं तिनं पक्कं ठरवलं. मग बुधवार आला, पायथा आला, आणि दाजी थांबून म्हणाले, उतर, चढत नाही.

"मग?"

"मग उतरले." माझ्या शर्टाची बाही तिनं आत दुमडली. "सात वर्षं झाली त्याला, दादा. पावसात, उन्हात, दोन्ही पोरी पोटात असताना. एकदाही म्हणाले नाहीत, की आज बसून राहा, चढेल. मग मी कशी म्हणू?"